उघड आहे

लेमा सातच्या शेवटी वालेरियन सरांनी लिहिलंय:
यापुढचं उघड आहे.
बस. मग सिद्धता संपल्याचा छोटा काळा चौकोन.

तीस वर्षं तिथे कुणी थांबलं नाही.
भौतिकीवाले तर त्यावर
आपापली विश्वं बांधून मोकळे झाले.
मीही विद्यार्थिनी असताना
त्या ओळीवरून मान डोलवत पुढे गेले,
ओळखीच्या दारावरून
आत न डोकावता जातो तशी.

आता हे यंत्र.
मी त्याला सिद्धता भरवते, घास घास करून,
आणि ते मान डोलवत नाही.
सरांचा दरारा त्याला माहीत नाही,
तिबिलिसीत त्यांच्या खडूच्या आवाजाने
मागचा बाक कसा चिडीचूप व्हायचा, तेही नाही.
लेमा सातपाशी तांबडी रेघ:
बाकी, एक.

मी लिहिते, उघड आहे.
तांबडी रेघ.
आमच्या भाषेत म्हणून बघते, त्सखादिया,
ज्यात जागेपणही आहे,
स्वप्नात नव्हे, डोळे उघडे असताना दिसलेलं.
तांबडी रेघ.
उघड म्हटल्याने
दार उघडत नाही.

*

नुत्सुबिद्झेच्या टेकाडावर त्यांची इमारत.
लिफ्ट अजून नाणं मागते,
वर जायला वीस तेत्री.
खाली यायला काही पडत नाही.

एतेरीने हिरव्या अक्रोडांचा मुरंबा पुढे केला.
त्र्याऐंशी वर्षांची. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.
कागद? म्हणाली, कुठले कागद?
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता,
पावाच्या रांगेत पहाटे तीनला उभी राहायचे मी.
आधी खुर्च्या गेल्या,
मग बैठकीतल्या पार्केटच्या फळ्या,
मग कागद.
त्यानेच निवडून दिले.
चुलीपुढे उकिडवा बसायचा,
एकेक पान वाचायचा, ओठ हलवत,
म्हणायचा, हे राहू दे, हे अवघड आहे.
हे उघड आहे.
आणि आत.

त्या उघड पानांवर बटाटे उकडले,
नातीचे लंगोट वाळले.
चांगली पेटायची, म्हणाली एतेरी.
शाई कमी होती त्यांच्यावर.

*

चार महिने लागले.
म्हणणं एवढंच होतं:
या अवकाशातला कुठलाही वेढा
आवळत नेला तर अखेर एका बिंदूत मिटतो.
त्याच्या झाल्या नऊशे बारा ओळी.

तीन मितींत खरंच उघड आहे, पोरालाही दिसेल.
पाचांत आणि वरच्यांत जागा ऐसपैस, वेढा सुटतो.
पण चारांत
तो स्वतःलाच अडतो,
अंधारात लोकरीचा गुंडा सोडवावा तसा.
तिथे त्याला आधी एकदा
उलटा फिरवून घ्यावा लागतो.
ही युक्ती मला एका रविवारी
भांडी घासताना सुचली,
आणि पहिला विचार आनंदाचा नव्हता.

सरांना ती ठाऊक होती?
इतकी ठाऊक, की जाळायला हरकत वाटली नाही?
की चार मितींकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं,
बोटं गारठलेली, मेणबत्ती संपत आलेली,
आणि कागदावर एका शब्दापुरती जागा?
चूल जाणे.

परवा रात्री तांबडी रेघ गेली.
शाबास नाही, काही नाही.
नुसती गेली.
टेबलावरचा चहा गार.

दोन आडव्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही,
ती जागा माणसांसाठी.
तिथे मी लिहिलं:
ही पायरी आधीही एकदा झाली असावी.
तिच्यावर बटाटे उकडले.

मग असावी खोडलं.
थोडा वेळ तसंच ठेवलं.
मग परत लिहिलं.